मी स्वस्तात घेतलेले गेमिंग कन्सोल

नातीसाठी मी केलेली गेमिंग कन्सोलची खरेदी सर्वथा निर्दोष होती. आमची ही (म्हणजे माझी धर्मपत्नी) तिरोडाभर जे सांगत फिरते, ते ऐकून घ्यावे. विश्वास ठेवू नये!

वस्तुस्थिती अशी. भाव करण्यात माझा हात धरणारा माणूस या तालुक्यात नाही. बैलजोडी असो वा ट्रॅक्टर, मी पाठ फिरवली की विकणाऱ्याची हाक येतेच. म्हणून पल्लवीच्या वाढदिवसाला मी आळीदेखत जाहीर केले, "कन्सोल मी आणतो. सांगितल्या भावात आणले, तर नाव लावणार नाही!"

गोंदियाच्या दुकानदाराने किंमत सांगितली. मी पायरी उतरलो.

"अरे दादाजी, रुकिए तो! कंट्रोलर निकाल देता हूँ, रेट कम हो जाएगा."

"काढा!" (ट्रॅक्टरसोबत ट्रॉली गळ्यात मारण्याची युक्ती मला ठाऊक आहे. शिवाय घरी टीव्हीचा रिमोट होताच!)

पुन्हा पायरी उतरलो. टीव्हीला जोडायची तार गेली. तिसऱ्यांदा उतरलो, विजेची तारही गेली.

"दादाजी, अब तो सिर्फ मशीन बची है," तो म्हणाला. त्याच्या स्वरातील पराभव मला स्पष्ट ऐकू आला!

घरी आळी जमली. पल्लवीने खोका उघडला, उलटा केला, हलवला.

"आबाजी, कंट्रोलर कुठं आहे?"

"टीव्हीचा रिमोट घे."

"त्यानं नाही चालत जी! अन् लाइट कायनं देऊ याले?"

ही पदर तोंडाला लावून म्हणाली, "काऊन जी, बैल आनला अन् पाय बाजारातच ठेवून आले का?"

आळी हसली. पल्लवी मात्र रडकुंडीला आली, म्हणून (केवळ म्हणूनच!) दुसऱ्या दिवशी मी कंट्रोलर आणि तारा आणायला पुन्हा दुकानात गेलो.

"दादाजी, डिब्बे के साथ का रेट अलग, खुल्ले का अलग."

मी पायरी उतरलो. हाक आली नाही. रस्ता ओलांडला. हाक नाही. समोरच्या टपरीवर सावकाश चहा घेतला, मोठ्याने खोकलो. तो दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेला! शेवटी तीच पायरी मी आपण होऊन चढलो. चढणाऱ्याला कोणी भाव कमी करत नाही, हे ज्ञान मला या वयात झाले.

कन्सोल मूळ किमतीहून महाग पडले, असे ही सांगते. धादांत खोटे! कन्सोल मी स्वस्तातच घेतले होते. महाग पडले, ते केवळ सुरू करणे.