कुतुबमिस्त्रीच्या हातची गाडी तापत नाही

कडेगावात विट्याच्या रस्त्याला कुतुबुद्दीन मिस्त्रीचं गॅरेज आहे. वर चार पत्रे, खाली एक खड्डा आणि मागं राहायच्या दोन खोल्या. पाटी नाही. पाटी लावायची वेळच आली नाही, कारण तीस वर्षं तालुकाभर या माणसाबद्दल एकच वाक्य फिरतंय: कुतुबमिस्त्रीच्या हातची गाडी तापत नाही. एप्रिलच्या उन्हात, पंधरा वऱ्हाडी कोंबून जीप घाट चढली तरी इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणारा पाण्याचा काटा आपला खाली झोपलेला. गाडी ताब्यात देताना मिस्त्री त्या काट्याच्या काचेवर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, “बगा, झोपलाय.” एवढीच त्याची जाहिरात.

आणि अशा माणसाच्या वाट्याला हीटर यावा! जिथं माणसं डिसेंबरातही दुपारी सावली शोधतात, त्या मुलखात गाडीचा हीटर.

जीप नाथाजी मेजरची होती. नाथाजी फौजेत ड्रायव्हर होता आणि हवालदार म्हणून घरी आला, पण इकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. सोळा वर्षं त्यानं हिमाचलात चंब्याच्या वरच्या डोंगरात जीप चालवली. तिथून तो बायकोला, मनुबाईला, पत्रं लिहायचा आणि प्रत्येक पत्रात बर्फ असायचा. आज टपावरचा बर्फ फावड्यानं काढला, आज चाकं बर्फात रुतली. मनुबाईनं उसाच्या बांधावर बसून ती पत्रं वाचली आणि एकच मागणं मागितलं, की एकदा तो बर्फ मला दाखवा. पाच वर्षांपूर्वी नाथाजीनं फौजेच्या लिलावातून तसलीच जुनी जीप उचलली ती त्यासाठीच. आल्या आल्या जीप कुतुबमिस्त्रीकडं गेली. त्यानं ती खोलली, धुतली, जोडली आणि काचेवर टिचकी मारून परत दिली.

गेल्या वर्षी जानेवारीत नवराबायको निघाले. पठाणकोटच्या पुढं चढ लागला, थंडी वाढली आणि हीटरमधून गार वारा यायला लागला. मनुबाईला एक दुखणं आहे. थंडीत तिच्या हाताची बोटं आधी पांढरी पडतात, मग निळी, आणि मग अशी ठणकतात की बाई रडते. तिकडच्या डॉक्टरनं हात बघितले आणि सरळ माघारी जायला सांगितलं. बर्फ पुढं वीस मैलांवर होता. तो न बघताच दोघं कडेगावला परतली. तेव्हा मनुबाईनं गॅरेजात येऊन विचारलं होतं, की असं कसं झालं? मिस्त्री म्हणाला होता, “लिलावातला माल असाच असतोय, वैनी.” बोलून मोकळा झाला होता.

यंदा मनुबाईनं गॅरेजात येऊन स्वतःच निकाल लावला. “पुढच्या शुक्रवारी मी येऊन हात धरून बगणार,” ती म्हणाली. “ऊब आली तर शनिवारी निघायचं. न्हाईतर ही जीप इकायची आन् परत बर्फाचं नाव काडायचं न्हाई.”

 किल्ली मिस्त्रीच्या हातात देताना नाथाजीनं ती जरा जास्त वेळ धरून ठेवली.

मिस्त्रीला वाटलं, आठ दिवस म्हणजे चैन आहे. जीपच्या बाकीच्या खोड्या त्यानं दोन दिवसांत निस्तरल्या. हीटर लावला की वायपर बंद पडायचा, उजव्या वळणाचा दिवा लावला की हॉर्न वाजायचा, आणि डिझेलचा काटा टाकी भरो की रिकामी होवो, अर्ध्यावर ठाण मांडून असायचा. सगळ्याचं मूळ डॅशबोर्डखालची एक गंजकी अर्थिंगची वायर निघाली. ती घासली, कसली, आणि तिन्ही भुतं एका दमात उतरली. मिस्त्री खुशीत आला.

हीटरनं मात्र त्याला रडवलं. आधी त्यानं इंजिनातलं तापलेलं पाणी हीटरला आणणारे पाइप बदलले. मग हीटरची जाळी काढून धुतली, तिच्यातून चहासारखं लाल पाणी निघालं, आणि मिस्त्रीला वाटलं, सापडला चोर. नव्हता. मग हीटरला पाणी सोडणारा कॉक बदलला. पाण्यात हवा अडकली असेल म्हणून जीपचं नाक चढावर करून ती हवा काढली. पंख्याची मोटर सांगलीहून आणली. आणि दर वेळी तेच. जीप दारात उभी असताना हीटर असा छान तापायचा की मिस्त्री भर दुपारी काचा बंद करून आत घाम पुसत बसायचा. रस्त्यावरून जाणारा लालासाहेब, म्हणजे शेजारचा पंक्चरवाला, वाकून विचारायचा, “मिस्त्री, वजन कमी करायचं मशीन केलंय का काय?” आणि जीप रस्त्यावर काढून जरा पळवली, की दहा मिनिटांत वारा गार.

गुरुवारी पहाटे तो सागरेश्वरच्या घाटाकडं गेला. कारखाने सुरू होते आणि रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. एका ट्रॉलीमागं बैलाच्या चालीनं जाताना हीटर गरम. मिस्त्रीच्या जिवात जीव आला. ट्रॉली ओलांडून जीप पळवली तर गार. पुढची ट्रॉली आली, परत ऊब. ती ओलांडली, परत गार. तिसऱ्या ट्रॉलीनंतर मिस्त्रीनं जीप बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या. जीपला, लिलावाला, फौजेला आणि हीटर शोधून काढणाऱ्या माणसाला त्यानं तोंडाला येईल ते ऐकवलं. तीस वर्षांत त्याच्या हातून गाडी अशी कधी सुटली नव्हती. त्याला लाज वाटत होती आणि लाजेचा त्याला राग येत होता. समोर पाण्याचा काटा खाली निवांत झोपला होता. तेवढंच एक काय ते बरं चाललंय, असं त्याला वाटलं.

शुक्रवार उजाडला. जुम्म्याच्या नमाजानंतर मनुबाई येणार होती. मिस्त्रीच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. सकाळीच तो अंघोळीला उठला. परसात त्याच्या बायकोनं, शहाजादीनं, बंब नुकताच पेटवला होता. बंबाचं सगळ्यांना ठाऊक आहे, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून तापलेलं बाहेर येतं. मिस्त्रीनं घाईघाईत एक तांब्या ओतला, कोमट आलं. दुसरा ओतला, त्याहून कोमट. चिडून तिसरा ओतला.

शहाजादीनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला. “आवं, जरा दम धरा की. एकसारखं गार वतताय, तर त्यानं तापायचं कवा?”

मिस्त्री तसाच उभा राहिला. मग टॉवेल खांद्यावर टाकून, अंघोळ न करताच तो गॅरेजात गेला आणि फळीवरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली घेतला.

त्या डब्यात वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, होते. प्रत्येक गाडीच्या इंजिनात पाण्याच्या वाटेवर असा एक मुठीएवढा वॉल असतो. इंजिन पुरतं तापेपर्यंत तो पाण्याची वाट अडवून धरतो, तापलं की उघडतो. मिस्त्रीच्या उस्तादानं त्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की हे थंड मुलखाचं लचांड आहे, काढून टाक, म्हणजे पाणी मोकळं फिरेल आणि गाडी कधी तापणार नाही. हाताखाली आलेल्या एकूण एक गाडीचा वॉल मिस्त्रीनं काढला होता. त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच त्याच्या ध्यानात नव्हतं. त्याचं सगळं नाव त्या डब्यात पडलेलं होतं.

त्यानं डबा फरशीवर पालथा केला. खालच्या थरात एक वॉल सापडला, त्यावर फौजेच्या मालावर असतो तो बाण कोरलेला. लिलावातल्या मालात काही खोट नव्हती. खोट त्यानं स्वतःच्या हातानं घातली होती. वॉल नसल्यानं जीप पळाली की वाऱ्यानं गार झालेलं पाणी एकसारखं इंजिनात येत राहायचं, मग हीटरनं तापायचं कधी? मनुबाई वीस मैलांवरून रडत परतली ती त्याच्यामुळं, आणि वर त्यानं तिला मालाचं कारण सांगितलं होतं. मिस्त्री खाली बसला. 

मग तो उठला. शहाजादीच्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यानं वॉल आत सोडला. वॉल जागा होता, हळूहळू उघडला. दहा वाजेपर्यंत तो इंजिनात बसला. मिस्त्रीनं जीप विट्याच्या रस्त्याला पळवली. काटा उठला. पावावर आला, पाव ओलांडून निम्म्यावर गेला, आणि मिस्त्रीला दरदरून घाम फुटला, कारण त्याच्या हातच्या गाडीचा काटा कुणी इतका वर बघितला नव्हता. तीनदा थांबून त्यानं बॉनेट उघडलं. काही झालं नव्हतं. काटा निम्म्यावर उभा होता आणि हीटरमधून ऊब येत होती, जीप कितीही पळवली तरी.

दुपारी नाथाजी आणि मनुबाई आले. मिस्त्रीनं दोघांना बसवून जीप सागरेश्वरकडं नेली आणि आणली. मनुबाई पुढं बसली होती, नाथाजी मागं. तिनं दोन्ही हात जाळीसमोर धरले ते परत येईपर्यंत काढले नाहीत.

“काय केलंस रं, कुतुब?” नाथाजीनं विचारलं. त्याचा चेहरा उजळला होता.

कॉक खराब होता, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. कॉक नवा दिसतही होता. मिस्त्रीनं इंजिन बंद केलं.

“इंजिनातला वॉल म्या काडला हुता, मेजर. गाडी आली तवाच. सगळ्यांच्या काडतो तसा. गाडीचा काय बी दोष नव्हता, माझाच हुता. मागल्या वर्साला बी.”

 नाथाजी खिडकीतून बाहेर बघत राहिला. फौजेत असता तर त्यानं काय केलं असतं ते मिस्त्रीला कळत होतं.

मनुबाई म्हणाली, “तिकडनं परत येताना दोन दिस मी ह्यांच्याशी बोलले न्हाई. भंगार घेतलंसा म्हनून. तीन राज्यं गेली, मी गप. ह्यांनी मला च्या आनून दिला, तो बी म्या खिडकीतनं वतला.”

नाथाजी अजून बाहेरच बघत होता.

“ते सगळं तुमच्या वाट्याचं हुतं, कुतुबभाऊ.”

“व्हय, वैनी,” मिस्त्री मान खाली घालून म्हणाला.

मनुबाईनं जाळीसमोरचे हात काढले, वळली, आणि ते गरम हात तिनं नवऱ्याच्या हातावर ठेवले. “उद्या किती वाजता निगायचं?” तिनं त्याला विचारलं.