उन्हाकडची भिंत

उत्तर जपानमधल्या होक्काइदोच्या भातशेतीच्या कालव्यांवर चाळीस वर्षं राबलेल्या कुरामोचींना एक गोष्ट कुणाच्या गळी उतरवता आली नव्हती. काँक्रीटचा खरा वैरी नुसती थंडी नव्हे, तर थंडीतलं ऊन. सावलीतली भिंत डिसेंबरात गोठते ती मार्चपर्यंत गुमान पडून राहते. उन्हाकडची मात्र दुपारी पाझरते, रात्री गोठते. आत मुरलेलं पाणी फुगतं आणि पापुद्रे सुटू लागतात. तिला एकच पांघरूण, बर्फाचं.

शरदात त्यांनी तोमेकाकूंच्या घरासमोरची, कालव्याची उन्हाकडची बारा मीटर भिंत खरवडून नव्याने लिंपली. निवृत्तीआधीचं हे शेवटचं काम. मे महिन्यात इथूनच खालच्या तीस घरांच्या शेतांना पाणी सुटायचं होतं.

जानेवारीत येऊन पाहतात तर दारापुढची भिंत लख्ख उघडी! फावडं टेकून काकू उभ्या.

"काकू, बर्फ काढू नका म्हणून पाटी लावली होती ना मी?"

"हो, तिच्यावरचाही काढला. दिसतच नव्हती."

"अहो, पण वाचली का?"

"वाचली की. पण सगळ्यांची दारं साफ आणि माझ्यापुढे ढीग? लोक म्हणतील, म्हातारी आळशी झाली."

कुरामोचींनी दात-ओठ खात बर्फ पुन्हा भिंतीवर लोटला.

"चौसष्ट वर्षांचा घोडा," काकू म्हणाल्या, "अजून बर्फात खेळतोय!"

हे दर आठवड्याला चाललं. ते लोटायचे, त्या काढायच्या.

एप्रिलच्या मध्यावर त्यांनी हातोडीने भिंत ठोकून पाहिली. दहा मीटर खणखणीत वाजली. काकूंच्या दारासमोरची दोन मात्र पोकळ, भद्द.

"माझ्यामुळे का रे?" काकूंनी हळूच विचारलं.

खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. "हो. तुमच्यामुळेच."

पाणी सुटायला तीन आठवडे उरले होते. संतापाने धुमसत त्यांनी ते दोन मीटर फोडले, पुन्हा लिंपले. गिलावा ओला, आणि रात्री पारा अजूनही शून्याखाली उतरत होता. वर टाकायला बर्फही उरला नव्हता. ताडपत्री आणायला ते दोन गावं हिंडले. सगळीकडच्या ताडपत्र्या भाताच्या रोपांवर गेलेल्या. रिकाम्या हाताने घरी परतले. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी धावतपळत आले, तर भिंतीवर काकूंच्या घरातली एकूणएक गोधडी पसरलेली. लाल फुलांची लग्नातलीसुद्धा. कुरामोचींनी कोपरा उचलून बोट दाबलं. गिलावा गोठला नव्हता.

"आता लोक काय म्हणतील, काकू?"

"म्हणतील, म्हातारी वेडी झाली." काकू शिंकल्या. "आळशी तर नाही ना म्हणणार!"