सहाव्या हर्डलचे दोन फूट

सकाळी सातला लखनौच्या आलमबागजवळच्या मैदानावर जा आणि कुणालाही विचारा, फीतेवाली आंटी कुठंय? पाण्याची बाटली तोंडाला लावलेली पोरगी बाटली न काढताच ट्रॅककडे बोट दाखवील. तिथे सलवार-कमीजवर पळायचे बूट घातलेली बेचाळीस वर्षांची एक बाई ओणवी होऊन दोन हर्डलमधलं अंतर टेपनं मोजत असते. पस्तीस मीटर. मग पुढचं. तेही पस्तीस मीटर. अहो, रबरी ट्रॅकवर हिरव्या खुणा कायमच्या रंगवलेल्यात, त्या काय उठून चालायला लागणारेत? पण नाही. वीणा मोहिते रोज मोजते. इंदिरा नगरहून लेकीला घेऊन पहिली मेट्रो पकडते, नऊच्या नऊ अंतरं मोजते, आणि मगच थर्मासमधला चहा ओतून घेते.

"आंटी, कल से आज तक कुछ घटा क्या?" मुलं चिडवतात.

"घटता है बेटा, कभी कभी घटता है," ती म्हणते. मुलं हसतात. हसू देत. त्यांना काय माहीत!

आणखी एक गोष्ट मुलांना माहीत नाही. ही बाई चालताना मधेच थबकते आणि मागे वळून पाहते. मागे कुणी नसतं. पण तिला पावलं ऐकू येतात. पळणाऱ्या मुलीची, हलकी, एका लयीतली. पंधरा पावलं, मग क्षणभर काही नाही, मग लोखंड आपटल्याचा आवाज. मेट्रोच्या जिन्यावर, सब्जीमंडीत, ऑफिसच्या व्हरांड्यात, कुठेही. सुरुवातीला तिनं कानाच्या डॉक्टरला दाखवलं. कान उत्तम निघाले. ते निघायचेच. खाई त्याला खवखवे.

हे कळायला बावीस वर्षं मागे जायला हवं. वीणाचे वडील सदाशिव साबळे, मूळचे साताऱ्याचे, रेल्वेत इंजिनियर. बदली होऊन लखनौला आले ते इथलेच झाले. वीणा धावायला लागली ती चारशे मीटर हर्डल, अडथळ्यांची शर्यत. आता ही शर्यत म्हणजे निव्वळ जोराचं काम नव्हे, हिशेबाचं आहे. दहा हर्डल, प्रत्येक अडीच फूट उंच, आणि दोहोंच्या मधे पस्तीस मीटर. त्या पस्तीस मीटरांत तुम्ही किती पावलं टाकता यावर सगळा खेळ. सतरा टाकली तर उडी आपल्या हक्काच्या पायावर येते, पण वेळ जातो. सोळा टाकली तर दर वेळी उडीचा पाय बदलतो, आणि दुसऱ्या पायानं उडी मारताना भल्याभल्या पोरी गडबडतात. पंधरा टाकली तर सोनंच. पण पंधरासाठी ढांग लांब हवी, आणि अर्ध्या शर्यतीत पाय शिसं झाल्यावर ती लांब ढांग आणायची कुठून?

नेत्राकडे ती होती. नेत्रा कोल्हापूरची, वडील हवाईदलात. मैदानावर या दोघीच मराठी, म्हणून एकमेकींसाठी मराठीत मोजायच्या. एक पळणार, दुसरी कडेनं ओरडणार, "तेरा, चौदा, पंधरा!" प्रशिक्षक रिझवी सर कपाळाला हात लावायचे. "अरे भई, ये पंधरा-वंधरा हमारी समझ में भी आए!" डबा एक, सायकल एक, भांडणंही रोजची. तोंड फिरवून बसायच्या आणि दहा मिनिटांत एकाच पेरूला मीठ लावून खायच्या.

नेत्रा पाचव्या हर्डलपर्यंत पंधरात जायची. सहाव्याला पाय कमी पडायचा, कसंबसं सोळावं पाऊल टाकून लय घालवून बसायची. निवड चाचणी दहा दिवसांवर आली होती. जी जिंकेल तिला राष्ट्रीय शिबिर, आणि शिबिरातल्या मुलीला खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी जवळजवळ ठरलेली. एका संध्याकाळी नेत्रा सहाव्या हर्डलपाशी मातीत बसून रडली. "होत नाही गं वीणे माझ्याच्यानं. पाय पोचतच नाही."

वीणाचा जीव तुटला. खरंच तुटला, हे आधी सांगून ठेवते, पुढचं ऐकल्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही म्हणून. त्या वेळी ट्रॅक मातीचा, खुणा चुन्याच्या, रोज फिस्कटायच्या. हर्डल लावायचं काम दोघी आळीपाळीनं करायच्या, आणि सरावाला सहाच लावायच्या. दुसऱ्या दिवशी वीणाची पाळी होती. तिनं सहावा हर्डल दोन फूट अलीकडे लावला आणि चुन्याची खूण पायानं पुसून नवी केली. तिच्या मनात एवढंच होतं, की एकदा नेत्राच्या पायाला पंधराची चव कळू दे, धीर येऊ दे, मग रोज चार बोटं मूळ जागेकडे मागे सरकवत नेऊ. कुणाला कळणारही नाही.

नेत्रा आली. पंधरा! सहावा साफ पार! तिनं धावत येऊन वीणाला असं काही उचललं की दोघी पडल्या. "जमलं! वीणे, जमलं मला!"

दुसऱ्या दिवशीही जमलं. "पाळी माझी असली तरी तूच लाव गं, तुझ्या हाताला गुण आहे," असं नेत्रा म्हणाली. वीणा लावत राहिली. चार बोटं मागे सरकवायची राहूनच गेली. आज करू, उद्या करू. चौथ्या दिवशी रिझवी सरांनी सहा हर्डलांची वेळ लावली, तर नेत्रा वीणापेक्षा पुढे. शेवटच्या संध्याकाळी वीणा एकटीच मैदानावर थांबली होती. सहावा हर्डल तिच्या हातात होता, खरी जागा दोन फुटांवर होती, आणि नेत्रा अजून यायची होती. सांगायला हवं होतं. निदान हर्डल तरी मागे घ्यायला हवा होता. वीणानं तो खाली ठेवला. अलीकडच्याच खुणेवर.

का? हा प्रश्न तिनं स्वतःला किती वेळा विचारला त्याला गणती नाही. ऐन वेळी नेत्राचा धीर खचू नये म्हणून? की दुसरंच काही? तिला आजवर उत्तर मिळालेलं नाही, आणि तिची भीती हीच की उत्तर तिला ठाऊक आहे.

चाचणीत सहावा हर्डल अर्थातच आपल्या जागी होता. नेत्रा सगळ्यांत पुढे होती. पंधरावं पाऊल पडलं, तिनं सवयीनं स्वतःला झोकून दिलं, आणि दोन फुटांनी कमी पडली. टाच लोखंडाला लागली. गुडघा असा वळला की आवाज बाजूच्या लेनमधल्या वीणाला ऐकू आला. वीणा थांबली नाही. आणि तेव्हाच प्रथम ते घडलं. पुढचे चारही हर्डल आणि शेवटचे चाळीस मीटर तिला मागून नेत्राची पावलं ऐकू येत होती, अगदी मानेपाशी. तिनं जीव खाऊन रेषा ओलांडली, वळून पाहिलं, तर नेत्रा अजून सहाव्यापाशीच पडलेली.

शिबिर वीणाला मिळालं. नोकरीही मिळाली, आजही त्याच खुर्चीवर बसते. नेत्राच्या वडिलांची बदली झाली, पत्रं विरळ झाली, थांबली. वीणा मूग गिळून बसली ती बसलीच.

गेल्या ऑक्टोबरात नेत्रा परत आली. नवरा लष्करात, बदली लखनौ छावणीत. एका सकाळी मैदानाच्या फाटकातून एक बाई आत आली. एक पाऊल लांब, एक आखूड टाकत. वीणाच्या हातातली टेप गळून पडली. नेत्रानं मात्र गळामिठी मारली. "अगं, म्हातारी झालीस की! आणि ही कोण, तुझी लेक? पाठमोरी तर अगदी तूच!"

अनन्या सतरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. पळते ती आईचीच शर्यत, ढांग मात्र आईची नाही, नेत्रासारखी लांब आहे. आता बोला! पाचव्यापर्यंत पंधरा, सहाव्यालाही पंधरा, हे तिला सहज जमत होतं. नेत्रा रोज यायला लागली, कडेला उभी राहून मोजायला लागली, मराठीत. वीणा थर्मास धरून उभी राहायची आणि चहा ओतायचा राहून जायचा.

"सहाव्याला सांभाळ गं बाळा," नेत्रा अनन्याला सांगायची. "माझे पाय तयार होते. आठ दिवस सलग पंधरा घेतली होती मी, विचार तुझ्या आईला. पण खऱ्या दिवशी मन कच्चं निघालं, घाबरले आणि आखडले. मी मुळातच भित्री. पुढे शाळेत नोकरी लागत होती ती नाही घेतली, गाडी नाही शिकले, सगळं त्या एका उडीनं शिकवलं. तू पाचव्यानंतर सतरावर ये. हळू जा, पण उभी राहा."

मावशी एवढ्या प्रेमानं सांगते म्हटल्यावर पोर ऐकणारच. अनन्या सतरावर आली. वेळ दीड सेकंदानं घसरली. तीही परवडली असती, पण भीती शिरली. सहावा हर्डल दिसला की तिचे खांदे वर जायला लागले. राज्याच्या संघाची चाचणी रविवारी होती.

"सतरा सोड," वीणा म्हणाली. "तुझे पाय पोचतात."

"मौसी के भी पहुँचते थे, मम्मा. ऐन टाइम पे डर गईं ना? मैं भी डर जाऊँगी."

वीणाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण दोन फूट चोरले ते एकीचे, आणि आता भरतेय दुसरी. तीही पोटची! आणि पहिलीनं तर बावीस वर्षं स्वतःला भित्री म्हणण्यात घालवली, शहाणी बाई. हे कुणी केलं? मी केलं. मीच केलं.

शुक्रवारी सकाळी तिनं अनन्याला चक्कर मारायला पाठवलं आणि नेत्राला म्हणाली, "जरा टेपचं टोक धर गं. पाचव्यापाशी उभी राहा."

"तुझं ते रोजचं वेड," म्हणत नेत्रानं टोक धरलं. वीणा टेप सोडत सहाव्यापर्यंत गेली. पस्तीस मीटर. मग तिनं हर्डल उचलला आणि दोन फूट अलीकडे आणून ठेवला.

"नेत्रा, हा इथं होता."

"काय?" टेपचं टोक हातात धरूनच नेत्रा चालत सहाव्यापाशी आली.

"त्या आठ दिवसांत. हा इथं होता. मी लावला होता."

नेत्रा टेप धरून तशीच उभी. तिनं हर्डलकडे पाहिलं, हिरव्या खुणेकडे पाहिलं, पुन्हा हर्डलकडे पाहिलं.

"तुला धीर यावा म्हणून लावला. मागे घेणार होते. मग नाही घेतला. का ते विचारू नकोस, मला सांगता येत नाही. नेत्रा, मला मार, थोबाडीत दे, पण बोल काहीतरी."

नेत्रा बोलली, पण वीणाशी नाही. स्वतःशीच पुटपुटली.

"म्हणजे मी घाबरले नव्हते."

तिनं टोक सोडलं. ते वीणाच्या पायाशी पडलं. नेत्रा वळली आणि फाटकाकडे चालू लागली.

शनिवारी तिचा अनन्याला फोन आला. "मौसी बोलीं, पंद्रह ही रखो. बोलीं, वो डरी नहीं थीं, किसी ने झूठ बताया था उनको," अनन्या म्हणाली. "किसने बताया था, मम्मा?" वीणानं ते उत्तरही दिलं, सगळंच्या सगळं. लेक ऐकून घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी अनन्या पंधरात सहावा हर्डल असा पार करून गेली की खांदे हललेसुद्धा नाहीत. संघात निवड झाली. लोकांच्या गर्दीत, दूरच्या टोकाला कुणीतरी मराठीत मोजत होतं. "तेरा, चौदा, पंधरा!" वीणा धावत तिथे पोचेपर्यंत ती जागा रिकामी झाली होती. छावणीतल्या नेत्राच्या घरी वीणा दोनदा जाऊन आली. दार उघडलं नाही.

वीणा अजून रोज टेप घेऊन येते आणि अजूनही मधेच थबकते. पण ती पंधरा हलकी पावलं आता येत नाहीत, लोखंडाचा आवाजही नाही. आता तिला मागून कुणीतरी चालताना ऐकू येतं. एक पाऊल लांब, एक आखूड, आणि ते दूर दूर जात असतं.