एकाच आडनावाचे दोन जंतू

वरच्या गल्लीत जावळाचं जेवण होतं, अंड्याचा रस्सा. दुसऱ्या दिवशी जेवून गेलेल्यांना जुलाब लागले. अंडी माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, कोंबड्यांची. मंठाळातल्या आमच्या बौद्ध वस्तीतून अंडी न्यायला वरच्या गल्लीनं कितीतरी वर्षं लावली होती. एका जेवणानं सगळं पाण्यात गेलं. कोंबड्या मारून पुराव्यात, असं लोक म्हणू लागले.

मी तेव्हा गुलबर्ग्याला प्रयोगशाळेत कामाला होते. धावत आले, तर अक्कानं खुराडं फिनेलनं धुऊन वर चुना मारलेला!

"आता नमुना कशाचा घेऊ?"

"तपासायला यायलीस म्हणल्यावर घाण दावू व्हय?"

इतका राग आला की हसूच फुटलं. मग भर उन्हात आम्ही दोघी कोंबड्यांमागं बसून राहिलो, कधी शिटतात याची वाट बघत. आजाऱ्यांचे नमुने दवाखान्यातून मिळाले.

जंतू दोन्हीकडं निघाला, साल्मोनेला. पण साल्मोनेला हे नुसतं आडनाव. त्यात घराणी पुष्कळ. काचपट्टीवर जंतूंच्या थेंबात एकेका घराण्याला ओळखणारं सीरम मिसळायचं. जुळलं तर नासलेल्या दुधासारखे दाणे धरतात. एकाच सीरमनं माणसांच्या साऱ्या नमुन्यांत दाणे धरले, कोंबड्यांच्या एकातही नाही. तीनदा करून पाहिलं. घराणी वेगळी होती. आनंदानं रडतच मी अक्काकडं आले.

"तुझ्या कोंबड्यांचा काही दोष न्हाई, असं सांगते लोकांना."

"पर जंतू त्यांच्यात बी हाय म्हणालीस न्हवं?"

"हाय. पण तो हा न्हवं."

"मग दोन्ही सांगायचं. अर्धं सांगून अंडी विकायला मी काय चोर हाय?"

चावडीसमोर तिनं स्वतःच दोन्ही सांगितलं, वर बजावलं की अंडं कडक उकडून खावा. मी कपाळाला हात लावला. आता कोण घेणार हिची अंडी?

आजार आला कुठून, ते कळलं नाहीच. पण दुसऱ्या सकाळी जावळाच्या बाळाची आजी दारात उभी. ही बाई आजवर अंडी आमच्या उंबऱ्याबाहेर ठेवायला लावून मग उचलायची.

"अक्का, कडक म्हंजे किती वेळ उकडायचं?"

अक्कानं चुलीवर पातेलं चढवलं. आजी आत आली, पाटावर टेकली आणि उकडलेलं अंडं आमच्याच घरात सोलून तिनं खाल्लं.