शैलाताईचा चौथरा

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ऐकलं, फोन ठेवला आणि पुन्हा निवडत बसले… जुडी संपल्यावर जे रडू फुटलं ते आवरेना. आता काही आठवडे उलटले, तरी घरात मेथी आणवत नाही.

आमच्या हिंदी-मराठी मिसळलेल्या मुलखातल्या शेतकरी संस्थेत आम्ही दोघींनी शेजारीशेजारी बसून अर्धं आयुष्य काढलं. अपंगांना नोकरीत सामावून घ्या, असे आदेश वरून नव्यानंच येऊ लागले होते, त्या दिवसांत ती रुजू झाली. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. पायांना लोखंडी पट्ट्या आणि पट्ट्यांनाच जखडलेले जड बूट. काउंटर उभ्या माणसाच्या छातीला लागणारा. ताई खुर्चीत बसली की बाहेरून दिसायचा फक्त तिचा अंबाडा. जसोंडी गावचा एखादा केळी पिकवणारा खताच्या पावतीसाठी यायचा आणि तिच्या डोक्यावरून ओरडायचा, "ओ, कोनी हाय का नाही इथं?" उंच स्टूल आणलं, तर पाय लोंबकळून सुजले. शेवटी साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही मागच्या खोलीत फायली बघा. आराम मिळेल." ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "घेतलं दाखवायला, आणि ठेवणार लपवून!" तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

उपाय तिनंच काढला. ती शहरातल्या सिंधीपुऱ्यात वाढलेली. तिथल्या जुन्या कापडदुकानात शेठ ओट्यावर गादीवर बसतो, गिऱ्हाईक खाली रस्त्यात उभं असतं, आणि दोघांची नजर समोरासमोर येते. "काउंटर राहू द्या तिथंच, साहेब. मलाच वर घ्या," ती म्हणाली. साहेबांनी कुरकुरत परवानगी दिली. मिस्त्रीनं काउंटरमागे लाकडी चौथरा केला, चढायला लांब उतार, धरायला दांडी.

पण हौसेला मोल नसतं. मिस्त्रीनं चौथऱ्यावर पांढरीशुभ्र गादी अंथरली, तिच्यावर खुर्ची मांडली, नारळ फोडला, उदबत्ती लावली. ताई उताराच्या टोकाशी आली आणि थांबली. गादीवर पायताण घालून कोण चढतं? आणि बूट काढले तर तिला उभंच राहता येईना. एवढी डोकी होती, पण एकालाही हे सुचलं नव्हतं. साहेब पुटपुटले, "राहू द्या मग… मागची खोली आहेच."

"मिस्त्री, गादी उचला," ताई म्हणाली. "हे बूट माझे पाय आहेत. पाय काही दाराशी काढून ठेवता येत नाही."

"गलती हो गई, ताई," म्हणत त्यानं गादी गुंडाळली. ताई खटखट वाजवत वर चढली. पहिलाच आला तो देडतलाईचा एक म्हातारा. तो चकित. "अरे, बाई बैठती है इधर? आधी कशी नाही दिसली?"

"इथंच होते, काका. तुम्हीच वरून बघत होते."

मागच्या खोलीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आजारपणानं उचलून नेईपर्यंत ती त्याच खुर्चीत होती. सकाळी उतारावर तिच्या बुटांचा आवाज आला की मी चहा सांगायचे. अजूनही त्या वेळेला कान तिकडे लागतात… आणि मग आठवतं.

परवा तिच्या जागी नवी मुलगी आली. आल्या आल्या तिनं उतारापाशी चपला काढल्या. "मॅडम, ताईंची जागा आहे ना… चप्पल कैसे ले जाऊं वर?"

मला उताराच्या फळीवर बुटांनी घासून पडलेले दोन चर तेवढे दिसत होते. मी वाकून तिच्या चपला उचलल्या. "अरे मॅडम, हे काय!" ती घाबरली. त्या मी तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाल, बाळा. इथं घालूनच चढायचं असतं."