काजूच्या दारूवर चाललेली टॅक्सी

गाडीत काजूची दारू घालायची अक्कल माझी होती, दादाची नव्हे. इतकी वर्षं हे कुठे बोललो नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

दादा, माझा थोरला भाऊ, मसुऱ्याहून मालवणला टॅक्सी चालवायचा. जुनी विलायती मोटार. पेट्रोल डब्यांतून यायचं, कधी यायचंच नाही, मग गाडी मांगराच्या, शेतातल्या खोपटाच्या, सावलीत उभी. मी कॉलेज संपवून नुकताच घरी आलो होतो. युद्धाच्या दिवसांत देशावर पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळून मोटारी चालवत, असं ऐकलं होतं. आणि दारूबंदी असली तरी आमच्या काजूच्या बागेमागे भट्टी लागायचीच. बोंडांचा रस एकदा गाळला की हुर्राक, तो पाणचट. पुन्हा पुन्हा गाळला की जहाल स्पिरिट.

"गाडयेक दारू पाजतलंस?" दादा हसला. "झिंगान खाडयेत गेली तर पोलिसांका तूच सांग हां."

पण गाडी चालली. इंजिनाची ठोकठोक कमी झाली, प्लगांवर काजळी धरेना. एक उतारू म्हणाला, "आज गाडयेचो वास बरो येता रे. खंय जावक नको, नुसतो बसतंय." मी फुशारलो. तोटेही होते, ते दादालाच आधी कळले. सकाळी थंड इंजिन उठायचं नाही, आधी चमचाभर पेट्रोल पाजावं लागे. तितक्याच वाटेला जास्त लागायचं. रबरी नळ्या फुगून मऊ पडल्या. गाळप कमी झालं असलं तर दारूत पाणी राहायचं आणि चढणीवर गाडी आचके देऊन थांबायची. म्हणून डबा आला की आधी पारख करायची, असं दादाने बजावलं होतं.

पारख आमच्याकडे एकाच रीतीने होते. करवंटीत थोडी ओतायची, काडी लावायची. निळी ज्योत उठली तर माल खरा. भट्टीवर हे झोपडीतल्या काळोखात करतात. मी ते भरदुपारी, घरापुढच्या खळ्यात, उन्हात केलं.

काडी लावली. काहीच दिसलं नाही. "पाणीच आसा," मी म्हटलं आणि आणखी थोडी घालून बघावी म्हणून डबा करवंटीवर वाकवला. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. धार पेटत डब्यापर्यंत आली. मी डबा धरून नुसता उभा राहिलो. दादाने तो माझ्या हातांतून ओढला, छातीशी धरून पळत नेला आणि बांधापलीकडे टाकला.

शेजारी धावत आले. कोणीतरी विचारलं, "काय झाला रे?"

"दादान विडी पेटवल्यान, पेट्रोलच्या डब्याकडे," मी म्हणालो.

दारूचं नाव निघालं तर दादाला पोलीस नेतील, म्हणून तसं बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे माझी सरकारी नोकरी ठरत आली होती. भाजलेल्या अंगाने केळीच्या पानावर निजलेल्या दादाने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. वहिनीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "व्हय. विडी."

दादाने जन्मात विडी ओढली नव्हती. वहिनीचे वडील विडीने खोकून खोकून गेलेले. लग्न ठरतानाच तिने त्याचा शब्द घेतला होता. डब्यात पेट्रोल असतं, एवढंच तिला ठाऊक.

दादाची बोटं आखडली ती सुटली नाहीत. हँडल मारणं, चाक फिरवणं संपलं. गाडी विकली. तो बागेत राखणीला बसू लागला. मी नोकरीवर गेलो. गणपतीला घरी यायचो तेव्हा वहिनीचं ऐकू यायचं, "माका फसवलात तुमी. विडयेपायी हात घालवलात." दादा ताटावर मान घालून जेवायचा. भाताचा घास त्याला आखडलेल्या बोटांनी नीट उचलता येत नसे. मीही जेवायचो.

गेल्या साली तापाने तो गेला. वर्षश्राद्धाला पानावर त्याच्या आवडीचं वाढताना वहिनीने विडीचं एक बंडल ठेवलं. ते बघून मला राहवेना. मागीलदारी तिला गाठून सगळं सांगितलं. करवंटी, ऊन, डबा, नोकरी. वाटलं होतं, ती शिव्या घालील. तेवढ्यासाठीच आलो असेन कदाचित.

ती पायरीवर बसली.

"भावोजी, ते आसताना सांगूक होया होता," ती म्हणाली. "मी रोज सांजचा तेंचा तोंड हुंगी. पोरांच्या देखत. आणि ते गप तोंड उघडीत."