मामांचं सीधं

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका बऱ्हाणपूर ओळखणारा माणूस बऱ्हाणपुरात नाही, आणि त्यांच्याइतका बऱ्हाणपुरात चुकणाराही नाही. जन्म राजपुऱ्यात, कापडाचं दुकान सिंधीपुऱ्यात, सारं आयुष्य या दोहोंच्या मध्ये गेलं. पण दसरा होऊन हवेत गारवा आला की त्यांना गावाबाहेर फिरायची हुक्की येते. तापीचं पाणी निवळलेलं असतं, काठावर काशगवताचे पांढरे तुरे डोलत असतात. ते न बघता घरात बसणारा माणूस आणि कपाट सारखंच, असं त्यांचं म्हणणं. मामी गेल्यापासून सोबतीला मी जाते. मला गवताचं फारसं कौतुक नाही. गुडघे मोकळे राहतात, म्हणून जाते.

सगळा घोळ त्यांच्या 'सीध्या'चा. आमच्याकडे घरात मराठी, बाहेर हिंदी. हिंदीत सीधा हाथ म्हणजे उजवा, उलटा म्हणजे डावा. मराठीत बोलताना आम्ही सीधं म्हणतो ते नाकासमोर, आणि उलटं म्हणजे आल्या वाटेनं मागे. बाकीच्यांना हे बरोबर जमतं. मामा मात्र वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात, त्यामुळे वळणावर आपण कोणत्या भाषेत उभे आहोत हे त्यांनाही कळत नाही. एकदा नदीवर जायला निघून आम्ही जसोंडीच्या एका केळीच्या बागेत पोचलो. बागवाल्याने विचारलं, कुठे जायचंय? मामा शांतपणे म्हणाले, "इथेच." त्याने बसवलं, चहा पाजला, आणि उठता उठता मामांनी त्यालाच नदीचा रस्ता समजावून सांगितला. वाटेत परक्या माणसांनाही ते अशाच खात्रीने रस्ता सांगतात. ती माणसं थोड्या वेळाने समोरून परत येताना दिसली की मामा त्यांना ओळखीचं हसतात.

यंदा दिवाळीला इंदूरहून त्यांचा मुलगा आला. वडलांना इथे एकटं राहू द्यावं की सोबत न्यावं, हे त्याला ठरवायचं होतं. स्वयंपाकघरात येऊन त्याने हळूच विचारलं, "वहिनी, खरं सांगा. पापा आजकल रस्ता भुलतात का?"

"अरे, त्यांनी रस्ता कधी लक्षातच ठेवला नाही, तर भुलतील काय?"

तो हसला. मग म्हणाला, "पण पहिल्यापेक्षा जास्त?"

इथे माझी पंचाईत झाली. त्यांच्या चुकण्यातलं मूळचं किती आणि वयाचं किती, हे मला काही केल्या निवडता येईना. मी चकलीचा सोऱ्या फिरवत राहिले, आणि माझ्या गप्प बसण्यावरूनच त्याने काय ते ठरवलं. मामा कुरकुरले नाहीत. काशगवत झडल्यावर गेलं तर चालणार नाही का, एवढंच त्यांनी विचारलं. मुलाची रजा तोवर नव्हती.

परवा इंदूरहून त्यांचा फोन आला. सोसायटीत फिरायला गोल रस्ता आहे म्हणाले, फरशी घातलेला, दोन्ही बाजूंना झाडं, बसायला बाकं. रोज सकाळी जातात. मी म्हटलं, मग बरंच झालं की.

"बरं आहे, सूनबाई," मामा म्हणाले. "पण कुठूनही निघालो तरी घरीच येतो."

मी म्हटलं, चांगलंच आहे ना.